संशयाचा खर्च कोणी सोसावयाचा?

आरोग्याच्या प्रश्नावर आपल्याकडे जी सार्वजनिक चर्चा चालते, ती अलीकडे एका आकड्याभोवती फिरू लागली आहे. तो आकडा म्हणजे पाच लाख रुपये. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेखालील विम्याचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय महाराष्ट्र मंत्रिमंडळाने जून २०२३ मध्ये घेतला. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या सर्व नागरिकांना, उत्पन्नाची कोणतीही अट न घालता, आयुष्मान भारत योजनेत तेवढ्याच रकमेचे संरक्षण दिले. या निर्णयांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. एका शस्त्रक्रियेपायी जमीन विकलेली आणि दागिने गहाण टाकलेली कुटुंबे आपण सर्वांनीच पाहिली आहेत.

परंतु हा विमा लागू होतो तो रुग्ण खाटेवर दाखल झाल्यानंतर. छातीत दुखू लागल्यापासून रुग्णालयाच्या दारात पोचेपर्यंतचे जे काही तास असतात, त्यांचा हिशेब या चर्चेत कोठेच येत नाही. वस्तुतः पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत जगण्यामरण्याचा निकाल याच तासांत लागतो, आणि तो लागतो एका साध्या प्रश्नावर: होत असलेला त्रास नेहमीचाच समजावयाचा की नाही?

प्रस्तुत लेखकाच्या महाविद्यालयात काही वर्षांपूर्वी घडलेला एक प्रसंग येथे सांगणे आवश्यक वाटते. मार्च महिना होता आणि कार्यालयात परीक्षेच्या अर्जांचे ढीग पडले होते. आमचे हेडक्लार्क, वय बावन्न, मधुमेहाचे जुने रुग्ण, दुपारी खुर्चीत मागे टेकून बसले होते. छातीच्या खालच्या भागात जळजळ होत होती, आणि डोक्यावर पंखा फिरत असूनही कपाळावर घाम होता. विचारले तेव्हा म्हणाले, "सर, सकाळपासून डब्याला हात लावला नाही. पित्त चढलंय, दुसरं काही नाही." मी माझ्या खणातली पित्ताची गोळी त्यांना दिली. डॉक्टरांकडे जाण्याचा विषय निघाला तेव्हा त्यांनी सांगितले, "आज गेलो तर अर्धा दिवस जाईल. वर तपासण्या लिहून देतील, त्याचे हजार-दोन हजार वेगळे. आणि निघायचं काय, तर पित्तच." त्यांनी हातातले काम संपवले, स्कूटर काढली आणि ते घरी गेले. त्याच रात्री रुग्णालयात नेत असताना वाटेतच त्यांचे प्राण गेले. तो हृदयविकाराचा झटका होता आणि तो दुपारीच सुरू झाला होता, असे नंतर डॉक्टरांनी सांगितले.

या प्रसंगाला अज्ञान किंवा हलगर्जी असे नाव देऊन मोकळे होता येईल. पण त्या गृहस्थांनी मांडलेला हिशेब पुन्हा वाचावा. अर्धा दिवस, हजार-दोन हजार रुपये, आणि शेवटी पित्तच निघण्याची दाट शक्यता. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हा हिशेब मूर्खपणाचा म्हणता येत नाही. आपल्या देशातील बहुसंख्य कुटुंबे रोज हाच हिशेब करतात आणि बहुतेक वेळा तो बरोबरही ठरतो. म्हणूनच तो ज्या थोड्या वेळा चुकतो, त्या वेळांचा विचार अधिक काळजीपूर्वक व्हावयास हवा.

उलटा विचार

आपत्कालीन वैद्यक या शाखेला भारतात स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली ती २००९ मध्ये. या शाखेची विचारपद्धती नेहमीच्या दवाखान्यापेक्षा निराळी आहे. नेहमीचा डॉक्टर तक्रार ऐकून सर्वांत संभाव्य कारण कोणते, असे स्वतःला विचारतो. शंभर जणांच्या छातीत जळजळ होत असेल तर त्यांतील बहुतेकांना पित्ताचाच त्रास असणार, हे त्याला ठाऊक असते. आपत्कालीन विभागातील डॉक्टर याच्या उलट टोकाकडून सुरुवात करतो. या तक्रारीमागे असू शकणाऱ्या कारणांपैकी कोणते कारण काही तासांत प्राण घेऊ शकेल, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. ते कारण नाही अशी खात्री पटल्यानंतरच तो पित्ताकडे वळतो.

छातीच्या दुखण्याच्या बाबतीत ही खात्री करण्याचे पहिले साधन म्हणजे ईसीजी. असा रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांच्या आत त्याचा ईसीजी निघाला पाहिजे, असा जगभर मान्य झालेला दंडक आहे. पहिला ईसीजी स्वच्छ आला म्हणून संशय संपत नाही. त्रास चालू असेल तर तो पुन्हा काढावा लागतो. दुखणे छातीतून जबड्याकडे किंवा हाताकडे सरकणे, थंड घाम सुटणे, धाप लागणे, विनाकारण गळून गेल्यासारखे वाटणे, या खुणा जळजळीसोबत आल्या तर ती जळजळ साधी समजता येत नाही. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्या बाबतीत तर छातीत कळ न येताही झटका येऊ शकतो. आमच्या हेडक्लार्कांचा मधुमेह आणि त्यांच्या कपाळावरचा घाम या दोन गोष्टी त्या दुपारी आम्हा सर्वांच्या डोळ्यांसमोर होत्या. त्यांचा अर्थ मात्र आम्हां दहा-बारा पदवीधरांपैकी एकालाही लागला नाही.

हीच गोष्ट पोटदुखीची. पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला शेतमजूर पहाटे पोटात दुखते म्हणून उठतो. अंगावर सूज नाही, जखम दिसत नाही, रात्री काही चावल्याचे त्याला आठवत नाही. घरचे लोक ओवा देतात. मण्यार या सापाचे दात इतके बारीक असतात की झोपेत झालेला त्याचा दंश पुष्कळदा कळतही नाही. पोटदुखीमागोमाग पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळणे कठीण जाते आणि शेवटी श्वासाचे स्नायू निकामी होतात. वेळेत सर्पविषावरील लस आणि कृत्रिम श्वासोच्छ्वास मिळाला तर हा रुग्ण वाचू शकतो; ओव्यात आणि मांत्रिकात दोन-तीन तास गेले तर बहुधा वाचत नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने वर्तवला आहे. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार.

मूल होण्याच्या वयातील स्त्रीच्या ओटीपोटात एकाएकी दुखू लागले आणि तिला भोवळ आली, तर गर्भाशयाबाहेर राहिलेला गर्भ फुटून आत रक्तस्राव होत असण्याची शक्यता आधी पाहावी लागते. डेंग्यूच्या रुग्णाचा ताप उतरला की घरचे लोक निर्धास्त होतात, पण खरा धोका पुष्कळदा तेव्हाच सुरू होतो. ताप उतरताना पोटात जोराने दुखणे, वारंवार उलट्या होणे, हिरड्यांतून रक्त येणे, रुग्ण सुस्त किंवा अस्वस्थ होणे ही त्या धोक्याची चिन्हे होत. एकाएकी तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे याला अनेक घरांत 'वारं गेलं' म्हणतात आणि सकाळपर्यंत वाट पाहतात. मेंदूतील गुठळी विरघळवणारे औषध मात्र साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

या सर्व उदाहरणांत तक्रार सामान्य आहे. तिच्यासोबत आलेली खूण तेवढी वेगळी आहे. ही खूण ओळखण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. ती लागते त्यापुढच्या उपचारासाठी.

दोन चुका आणि त्यांच्या किमती

कोणताही निर्णय अनिश्चिततेत घ्यावयाचा असला की दोन प्रकारच्या चुका संभवतात. धोका नसताना धावपळ करणे ही एक, आणि धोका असताना स्वस्थ बसणे ही दुसरी. पहिल्या चुकीची किंमत ठरावीक असते आणि ती ताबडतोब, रोख मोजावी लागते. दुसऱ्या चुकीची किंमत अवाढव्य असते, पण ती मोजावी लागेलच असे नसते. हातात पैसा मोजका असलेला माणूस दुसऱ्या चुकीचा धोका पत्करतो, यात नवल नाही. आजार केव्हा येईल आणि उपचाराचा उपयोग कितपत होईल, या दुहेरी अनिश्चिततेमुळे वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालू शकत नाही, हे केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये एका प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले होते. त्यात रुग्णाची एक तिसरी अनिश्चितता मिळवली पाहिजे. आपण आजारी आहोत की नाही, हेच त्याला नक्की ठाऊक नसते. आपल्या योजना आजाराचा खर्च उचलतात. संशयाचा खर्च ज्याचा त्याने उचलावयाचा आहे.

या व्यवस्थेचा परिणाम काय होतो, हे २००८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासातून दिसते. भारतातील ८९ रुग्णालयांत आलेल्या २०,४६८ हृदयरुग्णांची त्यात नोंद होती. हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद झालेल्या, म्हणजे ज्यांना एकेक मिनिट मोलाचे होते अशा रुग्णांपैकी निम्म्यांना त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचण्यास सहा तासांहून अधिक वेळ लागला होता. रुग्णालयात आल्यावर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळण्यास लागणारा मध्यम काळ मात्र पन्नास मिनिटांचा होता. म्हणजे विलंबाचा फार मोठा भाग दाराबाहेरचा होता. तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण श्रीमंत रुग्णांत ५.५ टक्के, तर गरीब रुग्णांत ८.२ टक्के आढळले. हा फरक गरिबांची प्रकृती मुळात अधिक बिघडलेली असल्यामुळे पडला, असे कोणी म्हणेल. परंतु मिळालेल्या उपचारांतील तफावत हिशेबात घेतली तेव्हा हा फरक नाहीसा झाला. प्रकृतीतील तफावत हिशेबात घेऊन तो नाहीसा होत नव्हता. तात्पर्य, दोघांचा रोग एकच होता आणि मृत्यूतील अंतर उपचारांनी निर्माण केले होते.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट स्वागतार्ह आहे. तथापि या आकड्याची एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. त्यात झालेला खर्च मोजला जातो. खर्चाच्या भीतीने जे डॉक्टरांकडे गेलेच नाहीत, त्यांची नोंद कोणत्याही लेख्यात होत नाही. आमच्या हेडक्लार्कांनी त्या दिवशी वाचवलेले हजार-दोन हजार रुपये या हिशेबात बचत म्हणूनच दिसतील.

जे शक्य झाले आहे

ही परिस्थिती बदलण्यास फार मोठे भांडवल लागते, असा एक समज आहे. आपल्याच प्रदेशाचा अनुभव याच्या विरुद्ध आहे. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत असत. महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवत राहिले. उलट्या, दरदरून घाम, थंड पडलेले हातपाय ही हृदयावर परिणाम होत असल्याची पूर्वसूचना आहे, हे त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मधून मांडले. पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरील साध्या औषधाचा उपयोग त्यांनी दाखवून दिला आणि मृत्यूंचे प्रमाण कितीतरी पटींनी घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या सर्व कामात प्रथम आली ती खूण ओळखण्याची दृष्टी. औषध त्यानंतर आले.

गोव्याने २०१८ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यासाठी एक योजना सुरू केली. गावोगावच्या सरकारी केंद्रांत ईसीजी काढावयाचा, तो दूरसंचाराने तज्ज्ञांकडे पाठवावयाचा, आणि झटका असल्याचे ठरल्यास गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तेथेच विनामूल्य देऊन रुग्णाला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे न्यावयाचे, अशी ही रचना आहे. गोवा लहान राज्य आहे, हे खरे. पण महाराष्ट्राचा कोणताही एक जिल्हा घेतला तर तोही गोव्याएवढाच प्रश्न आहे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून चालू आहे आणि ती ९३७ वाहनांनिशी सुरू झाली. ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. संशयाच्या खर्चातील एक भाग अशा रीतीने शासनाने उचलला आहे. बुडालेली मजुरी आणि वाहनाचे भाडे हा उरलेला भाग अजून रुग्णाच्याच माथी आहे. शिवाय जवळच्या केंद्रात ईसीजीचे यंत्र असले तरी रात्री ते चालवणारे व वाचणारे कोणी असेल, याची शाश्वती त्याला नसते.

दोन आक्षेप

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की, पित्त झालेला प्रत्येक माणूस रुग्णालयात धावला तर आधीच गर्दीने वाकलेली व्यवस्था मोडून पडेल. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच प्रत्येक जळजळीने धावू नये. खूण सोबत असेल तर मात्र थांबू नये, हा भेद लोकांना शिकवावा लागेल. आणि तो शिकवल्यानंतरही धावत आलेल्यांपैकी अनेकांना काही झालेले नसेल. त्यांना "उगाच कशाला आलात?" असे दटावून परत पाठवणारी व्यवस्था पुढच्या वेळी त्यांना घरी बसवते. अग्निशमन दलाला दर वेळी आगच सापडावी, अशी अपेक्षा कोणी करीत नाही.

दुसरा आक्षेप अधिक कडवट आहे. भीती दाखवून अनावश्यक तपासण्या करावयास लावणारे आणि कमिशनवर चालणारे वैद्यक आपल्याकडे नाही, असे कोणी म्हणणार नाही. हेडक्लार्कांच्या तोंडचे "तपासण्या लिहून देतील" हे शब्द अनुभवातूनच आले होते. अविश्वासामुळे माणसे विलंब करतात आणि विलंबाने मरतात, हीही त्या गैरव्यवहाराची एक किंमत आहे. यावर उपाय तपासणी टाळणे हा नव्हे. पहिली तपासणी अशा ठिकाणी झाली पाहिजे, की जेथे ती करणाऱ्याचा तिच्यात कोणताही आर्थिक लाभ नाही.

काय करावे

कायद्याची बाजू या बाबतीत स्पष्ट आहे. अत्यवस्थ रुग्णाला तातडीची मदत देणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितले. सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा जीविताच्या हक्काचा भंग आहे, असा निर्णय १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात झाला. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, तेव्हा खाजगी डॉक्टरांनी संप पुकारला. त्या वादाच्या मुळाशी हाच प्रश्न होता: आगाऊ पैसे न घेता तातडीचे उपचार करावयाचे, तर त्यांचे पैसे कोण देणार? हक्क जाहीर करून खर्चाची तरतूद केली नाही, तर तो हक्क दाराशीच अडतो.

तेव्हा शासनाने तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आणि मोठ्या प्राथमिक केंद्रात रात्रंदिवस ईसीजी निघेल आणि तो लगेच वाचला जाईल, अशी व्यवस्था प्रथम उभारावी. विमा योजनेत 'दाखल झालेला रुग्ण' या अटीबाहेर जाऊन, धोक्याची खूण घेऊन आलेल्या व तपासून घरी पाठवलेल्या माणसाच्या पहिल्या तपासणीचा खर्च समाविष्ट करावा. आणि मातामृत्यूचे जसे अन्वेषण होते, तसे वाटेत किंवा दारात झालेल्या मृत्यूंचे व्हावे. त्रास केव्हा सुरू झाला, घर केव्हा सोडले, वाहन केव्हा मिळाले, पहिली तपासणी केव्हा झाली, या चार वेळा नोंदल्या तरी विलंब नेमका कोठे होतो ते जिल्हावार कळेल. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा केंद्राने मार्च २०२४ मध्ये जाहीर केला आहे. अशा नोंदीवाचून त्याचे यशही मोजता येणार नाही.

उरलेले काम आपल्यासारख्या पगारदार सुशिक्षितांचे आहे. शाळा, महाविद्यालये, बँका आणि कचेऱ्या येथे रोज शेकडो माणसे एकमेकांच्या नजरेखाली असतात. स्वतःला होणाऱ्या त्रासाला माणूस पित्त म्हणेल, कारण त्याला ते पित्तच असावेसे वाटते. शेजारच्या टेबलावरील माणसाला घाम दिसू शकतो. आमच्या कार्यालयात आता सूचनाफलकावर एक कागद लावलेला आहे. छाती, पोट, डोके आणि ताप यांच्या तक्रारींसोबत दिसणाऱ्या दहा-बारा खुणा, जवळच्या सरकारी रुग्णालयाचा दूरध्वनी आणि १०८ हा क्रमांक एवढेच त्यावर आहे. खूण दिसली तर रुग्णाला स्कूटरवर एकटे सोडावयाचे नाही आणि त्याची अर्ध्या दिवसाची रजा मांडावयाची नाही, असेही आम्ही ठरवले आहे. गेल्या दोन वर्षांत या कागदामुळे तिघांना रुग्णालयात नेण्यात आले. दोघांना पित्तच निघाले. ते दुसऱ्या दिवशी कामावर आले, थोडे ओशाळलेले होते, आणि कोणी त्यांची थट्टा केली नाही. तिसऱ्या गृहस्थांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत त्याच संध्याकाळी स्प्रिंग बसवावी लागली. ते पुढील वर्षी निवृत्त होत आहेत.